शांत आहे, की नुसती खाली बसली आहे?



मागच्या सत्संगात समत्वावर बोलणं झालं. नंतर ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, "मी आता घरातल्या कशातच पडत नाही. राग येत नाही, अपेक्षाही नाही. हेच समत्व का?" प्रश्न प्रामाणिक आहे आणि आपल्या वयाच्या बऱ्याच जणींचा आहे. त्यावर विचार करताना मला एका जुन्या मोटारीचा फार उपयोग झाला. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

२०२३ च्या जानेवारीत आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात जुन्या मोटारींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तेव्हापासून आमच्या घरात हा विषय निघतोच. माझा भाचा इंजिनिअर आहे. त्याने मला सित्रोएन डीएस या फ्रेंच गाडीची गंमत समजावून सांगितली. ही गाडी १९५५ साली पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तिला आपल्या गाड्यांसारख्या लोखंडी स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकाजवळ एक पोलादी गोळा असतो. गोळ्याच्या मधोमध रबरी पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन वायू आणि दुसऱ्या बाजूला दाबाखालचं तेल. धक्का बसला की वायू दबतो आणि पुन्हा फुलतो. तीच तिची स्प्रिंग.

खरी गंमत पुढे आहे. मागच्या सीटवर तीन माणसं बसली, डिकीत सामान भरलं, की गाडी मागून खाली जाते. तिथे एक छोटी झडप असते, ती हे ओळखते आणि पंपाकडचं तेल आत सोडते. गाडी पुन्हा होती त्या उंचीवर येते. माणसं उतरली की जास्तीचं तेल परत टाकीत जातं. ओझं कितीही असो, उंची तीच. पॉल माजेस या तंत्रज्ञाने ही व्यवस्था घडवली.

त्यातही एक बारकावा मला फार आवडला. ही झडप मुद्दाम थोडी सावकाश चालते. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती उत्तर देत बसत नाही. खड्डा आला नि गेला, तो गोळ्यातल्या वायूने सोसायचा. ओझं खरोखर बसलं आणि टिकलं, तरच झडप हलते. आपल्याला हे जमतं का? जाऊबाईंचा एक शब्द हा खड्डा असतो. सासूबाईंचं आजारपण हे ओझं असतं. आपण बरेचदा शब्दाला दिवसभर उत्तर देत राहतो आणि ओझं आलं की बाजूला सरकतो.

आता वीस वर्षं गॅरेजात झाकून ठेवलेली अशी गाडी डोळ्यांसमोर आणा. ती अगदी खाली, जवळजवळ जमिनीला पोट टेकून बसलेली असते. हलत नाही, डुलत नाही. बघणाऱ्याला वाटेल, किती शांत! पण तिच्यात दाबच उरलेला नाही. तिच्यावर कुणी बसलेलं नाही, म्हणून ती कलत नाही. ताईंच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसला. न कलणं आणि सम असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सम कोण, हे ओझं बसल्यावरच कळतं.

अशी गाडी पुन्हा वर आणायची तर जाणकार कसं तपासतात, तेही ऐका.

पहिलं म्हणजे, गाडीखाली जाण्याआधी तिला भक्कम स्टँडचा आधार देतात. ती कधीही खाली बसू शकते, तिच्या स्वतःच्या ताकदीवर विसंबून कुणी खाली शिरत नाही.

दुसरं, तेल बघतात. सुरुवातीच्या गाड्यांतलं तेल हवेतला ओलावा ओढून घ्यायचं, त्यामुळे उभ्या गाडीत आतून गंज चढतो. १९६६ च्या सुमारास हिरवं खनिज तेल आलं, ते ओलावा धरत नाही. पण एकाच्या गाडीत दुसरं ओतलं तर रबरी सील खराब होतात. म्हणून आधी गाडी कुठल्या तेलाची आहे ते बघायचं, मगच भरायचं.

तिसरं, इंजिन सुरू करून कान देतात. दाब पुरेसा झाला की दाब राखणारा भाग 'टक्' असा आवाज करतो आणि पंपाला विसावा मिळतो. ही टकटक दर दोन-चार सेकंदांनी होऊ लागली, तर दाब साठवणाऱ्या गोळ्यातला वायू गेलेला असतो किंवा कुठेतरी गळती असते.

चौथं, गाडी वर आली की कोपऱ्यावर हाताने दाबून बघतात. उंची बरोबर, पण लाकडासारखी कडक, म्हणजे चाकांजवळच्या गोळ्यांतला वायू संपला. वर्षानुवर्षांत तो पडद्यातून झिरपून जातो.

एकच बाजू वर येत नसेल, तर झडप किंवा तिचा दांडा गंजून अडकला आहे का, ते बघतात. हे काहीही न बघता दांडाच वाकवून उंची जमवणं हा उतावळेपणा. दोष तसाच राहतो आणि वर उंचीही चुकते.

चौथी खूण मी मनात धरून ठेवली आहे. निश्चयाने उभी राहिलेली, पण आतला मऊपणा गेलेली माणसं आपण पाहतो. नेम चुकत नाही, जप चुकत नाही, पण जवळ गेलं की टणक लागतात. उंची आहे, वायू नाही.

आता घरातलं बघू. एका घरात दोन सुना. थोरली दोन रात्री सासूबाईंच्या उशाशी हॉस्पिटलात जागली आणि तिसऱ्या सकाळी चहावरून चिडली. धाकटी दुसऱ्या गावात राहते, फोनवर गोड बोलते. नातेवाईक म्हणतात, "धाकटी किती शांत!" मला हे अन्यायाचं वाटतं. थोरली ओझ्याने खाली गेली, दुपारी पुन्हा सावरली आणि रात्री डबा घेऊन परत गेली. समत्वाचा अभ्यास तिचा चालू आहे. धाकटीची तर परीक्षाच झालेली नाही.

कुणी म्हणेल, मग एकांत, मौन, सगळं फुकट का? तसं नाही. गाडी उभी ठेवायचीही एक रीत असते. जाणते मालक तिला अधूनमधून सुरू करतात, उंचीचा दांडा फिरवून पूर्ण वर नेतात, खाली आणतात. साधनेसाठी घेतलेला एकांत असाच, आतलं इंजिन चालू ठेवणारा. कटकट नको म्हणून घेतलेला एकांत मात्र गॅरेज आहे. स्थितप्रज्ञाची लक्षणं अर्जुनाने ऐकली ती रणभूमीवर, रथात बसून. हे उगाच नाही.

आणखी एक सांगायलाच हवं. दुःखाने खाली बसलेल्या माणसाला ही गोष्ट टोमणा म्हणून ऐकवू नका. कुणाचा जोडीदार गेलेला असतो, कुणाला आजार असतो. "ऊठ, बाहेर पड," असं म्हणणं म्हणजे दांडा वाकवणं. आधी स्टँडचा आधार द्यायचा, मग काय गळतंय ते हळूच बघायचं. त्या माणसाचं तेल कुठलं, हेही ओळखायचं. एकीला भजनाने उभारी येते, दुसरीला कुणी तासभर शेजारी बसलं तरी पुरतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणारी कोण? ते तुमच्याच घरात आहे. या आठवड्यात कुणाचं तरी एक खरं ओझं अंगावर घेऊन बघा. कुणाच्या औषधपाण्याचं, कुणाच्या मुलांना सांभाळायचं. थोडं खाली जाल, जाऊ द्या. परत वर येता येतंय का आणि मन मऊ राहतंय का, एवढंच बघा. बाकीच्यांनीही करून बघावं आणि आपला अनुभव ग्रुपवर जरूर कळवावा.

जय गुरुदेव.