दुसऱ्याच्या गळ्यासाठी

रीव्ह कार्नी आणि पॅट्रिक पेज हे दोन नट ब्रॉडवेच्या रंगमंचावर दोनदा एकमेकांचे वैरी झाले. २०११ साली कार्नी स्पायडरमॅन होता आणि पेज ग्रीन गॉब्लिन. ‘स्पायडरमॅन : टर्न ऑफ द डार्क’ या संगीतनाटकाची गाणी यू टू या आयरिश बँडच्या बोनो आणि एज यांची. २०१९ साली कार्नी ऑर्फियस होता आणि पेज पाताळाचा राजा हेडीस. या ‘हेडीसटाउन’ची गाणी आणि संहिता अनाइस मिचेलची. व्हरमाँट राज्यातली, गिटार घेऊन लहान लहान जागी गाणारी ही लोकगीतांच्या वळणाची गायिका. पहिल्या नाटकावर साडेसात कोटी डॉलर खर्च झाले, अधिकृत उद्घाटनाआधी त्याचे १८२ पूर्वप्रयोग करावे लागले आणि जानेवारी २०१४मध्ये मोठा तोटा सोसून ते बंद झालं. दुसऱ्याला आठ टोनी पारितोषिकं मिळाली, सर्वोत्तम संगीतनाटकाचं आणि सर्वोत्तम संगीताचंही.

नायक तोच, खलनायकही तोच. रंगभूमीवर नवख्या गीतकारांनी दोन्ही वेळी गाणी दिली. मग एवढा फरक का पडला, हा प्रश्न मला काही वर्षं सोडत नाही. पैसा, यंत्रं, तारांवरून उडणारे नट, दिग्दर्शिका ज्युली टेमॉरला मध्येच दूर करणं ही कारणं अनेकांनी सांगितली आहेत. मला त्यापेक्षा गाण्याकडे बघायचं आहे. स्वतःच्या गळ्यासाठी आयुष्यभर गाणी लिहिलेला माणूस दुसऱ्याच्या गळ्यासाठी लिहू लागतो तेव्हा गाण्याचं नेमकं काय होतं?

रॉक गाण्यातला ‘मी’ हा गाणाराच असतो, निदान ऐकणारा तसं धरून चालतो. अभंगाच्या शेवटी तुकारामांची नाममुद्रा येते आणि अनुभव कुणाचा ते पक्कं होतं. रॉक गाण्यात ती नाममुद्रा शब्दांत नसते, आवाजात असते. बोनोचा आवाज आला की सही झाली. म्हणून शब्द थोडे मोघम असले तरी चालतात, यमक अर्धवट जुळलं तरी चालतं, काही शब्द गिटारच्या गदारोळात बुडाले तरी बिघडत नाही. ऐकणारा तेच गाणं शंभरदा ऐकणार असतो, बुडालेला शब्द त्याला विसाव्या खेपेला सापडतो आणि तो सापडण्यातही मौज असते. नाटकातलं गाणं प्रेक्षक एकदाच ऐकतो. ब्रॉडवेचा गीतकार-संगीतकार स्टीफन सॉन्डहाइम पूर्ण यमकाचा इतका आग्रह धरायचा त्यामागे हेही होतं, की यमक चोख असलं तर कान पुढचा शब्द आधीच पकडायला तयार होतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. अल्बममधलं गाणं आपल्यापुरतं पूर्ण असतं. ते सुरू होताना जो भाव असतो तोच शेवटी अधिक गडद होऊन येतो. ध्रुवपद तीनदा येतं, तिन्ही वेळा तेच सांगतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. नाटकात मात्र गाण्याच्या आधी आणि नंतर माणसं उभी असतात. गाणं संपल्यावर पात्र होतं तिथेच राहिलं, तर तेवढी मिनिटं नाटक थांबलेलं असतं.

हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. मैफलीचा गवई नाटकाला संगीत देतो हा प्रसंग आपल्याकडे रॉक जन्माला येण्याच्या कितीतरी आधी घडला. भास्करबुवा बखल्यांनी १९१६ साली ‘स्वयंवर’च्या पदांना चाली दिल्या आणि ख्यालाचं वैभव घराघरांत पोचलं. त्याच वैभवानं पुढे नाटकाला थांबवून ठेवलं, ‘वन्स मोअर’च्या गजरात रुक्मिणी मागे पडली आणि बालगंधर्व उरले, हेही आपण मान्य करतो. १९६४च्या ‘मत्स्यगंधा’त जितेंद्र अभिषेकी आले. तेही मैफलीचेच गायक, पण त्यांनी पदं आटोपशीर ठेवली, आलाप-तानांचा पसारा आवरला. गवयानं स्वतःच्या हाताला घातलेला हा लगाम मला त्यांच्या चालींइतकाच मोठा वाटतो. ब्रॉडवेच्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक रॉक संगीतकारासमोर हाच पेच असतो.

पॉल सायमनचं ‘द केपमॅन’ घ्या. विषय न्यूयॉर्कमधली १९५९ सालची खरी घटना. साल्वादोर अग्रोन या सोळा वर्षांच्या पोर्तोरिकन मुलानं दोन मुलांना भोसकून मारलं होतं. सायमननं या नाटकासाठी वर्षानुवर्षं दिली, सहलेखक म्हणून नोबेलविजेता कवी डेरेक वॉलकॉट सोबत होता, आणि गाणी नाटकाआधीच, १९९७ साली, त्याच्या स्वतःच्या आवाजात अल्बम म्हणून बाहेर आली. ती गाणी सुंदर आहेत, आजही ऐकावीत. पन्नासच्या दशकातली गल्लीबोळांतली डू-वॉप आणि पोर्तोरिकोची लय त्यांत इतकी सहज मिसळते की सायमन त्याच रस्त्यांवर वाढलेला न्यूयॉर्ककर आहे हे कळतं. पण नाटक जानेवारी १९९८मध्ये उघडलं आणि ६८ प्रयोगांत संपलं. मारल्या गेलेल्या मुलांच्या आप्तांच्या वेदनेचा प्रश्न होता, तो रास्तही होता. तरी तो अल्बम ऐकताना मला दुसरंही एक कारण जाणवतं. प्रत्येक गाणं मागे वळून पाहणाऱ्या, सगळं उमगलेल्या माणसाचं आहे, म्हणजे सायमनचं. सुरी हातात धरलेल्या सोळा वर्षांच्या पोराला अजून काहीही उमगलेलं नसतं.

डंकन शीकनं हा पेच हुशारीनं सोडवला. एका गाजलेल्या पॉप गाण्यामुळे नाव झालेला हा माणूस. त्याला आणि गीतकार स्टीव्हन सेटरला जर्मन नाटककार वेडेकिंडच्या १८९१च्या नाटकावर काहीतरी करायचं होतं. नाटकातली शाळकरी मुलं एकोणिसाव्या शतकातली, घुसमटलेली, देहाबद्दल कुणी काही सांगत नाही अशी. ‘स्प्रिंग अवेकनिंग’मध्ये ती बोलतात तेव्हा जुन्या काळात असतात, गाणं आलं की कोटाच्या आतून मायक्रोफोन काढतात आणि एकदम आजची होतात. गाणी संवाद नाहीत, मनातल्या मनात फुटलेल्या किंकाळ्या आहेत. त्यामुळे शीकला आपलं गाण्याचं रूप मोडावं लागलं नाही. २००६च्या डिसेंबरात ते ब्रॉडवेवर आलं आणि त्यालाही आठ टोनी मिळाली. मला ते मनापासून आवडतं. पण या युक्तीची हद्द आहे: मनातलं गाणं समोरच्या माणसाला ऐकू जात नाही, म्हणून ते त्याला बदलूही शकत नाही.

ऑर्फियसच्या कथेत तर नेमकं तेच व्हायला हवं. तो गातो आणि मृत्यूचा राजा विरघळतो. म्हणजे हे गाणं दुसऱ्याला ऐकू गेलंच पाहिजे आणि त्यानं तो दुसरा बदललाच पाहिजे.

‘हेडीसटाउन’ पहिल्यांदा झालं ते २००६ साली, व्हरमाँटमधल्या बॅरी या गावात. ग्रॅनाइटच्या खाणकामगारांचं हे गाव. हौशी मंडळी, थोडे पैसे, मायकल चोर्नी हा अवलिया वाद्यरचनाकार. २०१० साली या नाटकाचा अल्बम आला. त्यात ऑर्फियस गायला बॉन इव्हेर या नावानं गाणारा जस्टिन व्हर्नन, हेडीसची राणी पर्सेफनी झाली आनी डिफ्रँको, हेडीस झाला ग्रेग ब्राउन. पुढे मिचेलनं दिग्दर्शिका रेचल चॅव्हकिनला गाठलं. २०१६ साली न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉप, २०१७ साली कॅनडातलं एडमंटन, २०१८ साली लंडनचं नॅशनल थिएटर, आणि एप्रिल २०१९मध्ये ब्रॉडवे. तेरा वर्षं. या तेरा वर्षांत ती पुन्हा पुन्हा तीच गाणी उघडत राहिली. मी २०१०चा अल्बम आणि २०१९चं ध्वनिमुद्रण गेल्या पावसाळ्यात अनेकदा पाठोपाठ ऐकलं, आणि मला वाटतं, हे सगळं प्रकरण कळायला याहून चांगला मार्ग नाही.

२०१०चा अल्बम थेट प्रेमिकांच्या गाण्यानं सुरू होतो. लग्न करायचं तर अंगठी कुठून आणणार, असं ती विचारते. कोण ती, कोण तो, सांगायची गरज नाही. अल्बम ऐकणारा आपणहून आत शिरतो. २०१९मध्ये आधी हर्मीस येतो, प्रत्येकाची ओळख करून देतो, ही जुनी आणि दुःखी गोष्ट आहे हे सांगून टाकतो. आपला सूत्रधारच तो. जस्टिन व्हर्ननचा ऑर्फियस आवाजांच्या थरांतून येतो, एकच माणूस अख्खं देवळातलं गायन झाल्यासारखा. अल्बममध्ये ती जादू आहे. रंगमंचावर मात्र एका नटाला आठवड्याला आठ प्रयोग त्या उंच पट्टीत गायचं असतं, आणि तो देव नसून एक भाबडा पोरगा आहे हे दिसायला हवं असतं.

मिचेलला सर्वांत जास्त छळलं ते ऑर्फियसच्या महागीतानं. हेडीसला विरघळवणारं गाणं लिहायचं म्हणजे जगातलं सर्वांत सुंदर गाणं लिहायचं, आणि ते प्रेक्षकांनाही तसंच वाटायला हवं. लंडननंतर मिचेलनं ऑर्फियसच बदलला. आधीचा ऑर्फियस आत्मविश्वासानं भरलेला होता, आपल्या गाण्यानं जग जिंकीन म्हणणारा. नवा ऑर्फियस बुजरा आहे आणि त्याचं गाणं पूर्ण झालेलं नाही. पूर्ण नाटकभर तो ते शोधतोय. एका तुकड्यावर अडतो, पुढची ओळ सापडत नाही, बाहेर हिवाळा येतो, घरात अन्न नाही, त्याची प्रेयसी युरिडिसी एकटी पडते आणि तो गाण्यातच. गाणं अपुरं राहिलं म्हणून अनर्थ ओढवतो. ते पूर्ण होतं हेडीससमोर, आणि तेव्हा त्यात हेडीसच्याच जुन्या प्रेमाची गोष्ट येते. एका गीतकार बाईनं गाणं पुरं न होण्याची स्वतःची वर्षानुवर्षांची तडफड पात्राच्या ओटीत घातली आणि त्यातून कथानकाचा कणा उभा राहिला. मला यापुढे साडेसात कोटी डॉलर काहीच वाटत नाहीत.

बोनो आणि एज पूर्वप्रयोगांच्या सुरुवातीला बँडच्या जगभ्रमणावर होते. त्यांना दोष द्यावासा वाटत नाही, ते त्यांचं काम होतं. पण नाटकाचं गाणं रात्री बदलतं, दुपारी तालमीत तपासलं जातं, संध्याकाळी प्रेक्षकांसमोर पडतं. तिथे गीतकार मागच्या रांगेत बसलेला लागतो.

स्टिंगचं उदाहरण मला म्हणूनच हृद्य वाटतं. ‘द लास्ट शिप’ हे त्याच्या वॉल्सेंड गावच्या जहाजबांधणीच्या कारखान्याचं नाटक. २०१४ साली ब्रॉडवेवर प्रेक्षक येईनात, तेव्हा तो स्वतः भूमिका करायला उतरला. तरी जानेवारी २०१५मध्ये पडदा पडला. त्यानं नाटक टाकून दिलं नाही. २०१८ साली नव्या संहितेसह ते न्यूकॅसलला, म्हणजे वॉल्सेंडच्या शेजारी झालं, जिथे प्रेक्षागृहात बसलेल्यांच्या बापांनी ती जहाजं बांधली होती.

आपल्याकडेही रॉकचा गळा नाटकात आला होता. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा नंदू भेंडे सत्तरच्या दशकात अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूदास झाला आणि १९७८ साली थिएटर अकादमीच्या, जब्बार पटेल दिग्दर्शित ‘तीन पैशाचा तमाशा’त गायला. ब्रेख्तच्या नाटकाचं पु. ल. देशपांड्यांनी केलेलं ते रूपांतर. नाट्यपद, लावणी यांच्या शेजारी त्याचा पाश्चात्त्य फेक असलेला आवाज उपरा वाटला नाही, कारण तो पात्राचा आवाज झाला होता. त्या वाटेवर पुढे फारशी वर्दळ झाली नाही याची मला खंत आहे. आज पुण्या-मुंबईत स्वतःची मराठी गाणी लिहून गिटारवर गाणारी कितीतरी मुलं आहेत, आणि नाटकवाल्यांनी त्यांना फक्त शीर्षकगीतासाठी बोलवू नये.

अगदी अलीकडचं उदाहरण विल बटलरचं. आर्केड फायर या बँडमध्ये अनेक वर्षं वाजवलेला हा माणूस. डेव्हिड अॅडजमीच्या ‘स्टिरिओफोनिक’साठी त्यानं गाणी केली. २०२४ साली ते ब्रॉडवेवर आलं आणि सर्वोत्तम नाटकाच्या टोनीसह पाच पारितोषिकं घेऊन गेलं. गोष्ट १९७६-७७च्या सुमारास कॅलिफोर्नियात अल्बम करणाऱ्या एका बँडची. नट खरोखर वाजवतात, आणि गाणं रंगात आलं की कुणीतरी थांबवतं: ड्रमचा ठेका चुकला, कुणाचा नवरा रागावला, ध्वनिमुद्रकाला काही खटकलं. प्रेक्षक तुटलेल्या गाण्यासाठी तळमळत बसतात. असं तुटायला गाणं आधी पूर्ण ऐकण्याजोगं असावं लागतं, आणि ते तोडू द्यायला गीतकाराचा हात सैल असावा लागतो.

परत ‘हेडीसटाउन’. २०१०च्या अल्बमचं अखेरचं गाणं दोन बायकांचं आहे, ऑर्फियसच्या नावानं पेला उंचावणाऱ्या. ब्रॉडवेवर गोष्ट संपते, टाळ्या होतात, नट वाकून अभिवादन करतात आणि त्यानंतर तेच गाणं येतं. आता ते पर्सेफनीबरोबर सगळी मंडळी गातात. मधल्या वर्षांत त्याचं शीर्षक बदललं आहे. आधीच्या शीर्षकात एकवचनी ‘मी’ होता, नव्या शीर्षकात अनेकवचन आहे. इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत त्याचं ‘आम्ही’ करायचं की ‘आपण’, यावर मी बराच वेळ अडले. रंगमंचावरच्यांपुरतं धरलं तर ‘आम्ही’. पण ती मंडळी पेले आपल्याकडे तोंड करून उंचावतात, तेव्हा ‘आपण’च म्हणावं लागेल.