शेवटच्या गाडीच्या आधी

सप्टेंबर लागला की हिंगोली जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे सूचना फलक भरून जातात. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, २४ला राष्ट्रीय सेवा योजनेचा वर्धापन दिन, ३ ऑक्टोबरला स्वामी रामानंद तीर्थ यांची जयंती, १५ला वाचन प्रेरणा दिन. त्यातच युवक महोत्सवाची तालीम, कबड्डी आणि खो-खोच्या संघांची निवड, ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेची नावनोंदणी. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा, हिंगोली, कुठंही जा, यादी साधारण हीच. ती वाचताना मला एक गोष्ट सतत खटकते. कार्यक्रम सुरू कधी होणार हे प्रत्येक सूचनेत लिहिलेलं असतं. संपणार कधी, हे जवळपास कुठल्याच सूचनेत नसतं.

संपण्याची वेळ ज्यांना सगळ्यात जास्त लागते ती मुलं एसटीनं येतात. आपल्याकडे वसतिगृहात किंवा खोली करून राहणारे थोडे, पास काढून रोज खेड्यावरून येणारे फार. त्यांचा दिवस गाडीवर चालतो. दोनचा कार्यक्रम पाहुण्यांची वाट पाहत साडेतीनला सुरू होतो. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, व्यासपीठावरच्या प्रत्येकाचा परिचय, शाल-श्रीफळ, मनोगतं. स्पर्धेत नाव दिलेल्या मुलीचा नंबर येईपर्यंत गावाकडच्या गाडीची वेळ झालेली असते. ती दप्तर उचलून निघून जाते. थांबली, तर घरी अंधार पडल्यावर पोचते, आणि त्या एका उशिरानं तिनं वर्षभर जपलेला घरच्यांचा विश्वास उणा होतो. पुढच्या वेळी नाव द्यायची परवानगीच मिळत नाही. पाहुण्यांना मात्र यातलं काही कळत नाही.

मला हा नियोजनातला ढिलेपणा वाटत नाही, अन्याय वाटतो. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून तास रद्द करून मुलांना आणून बसवायचं, हजेरी घ्यायची आणि त्यांचे दोन तास आपल्याच मालकीचे असल्यासारखे वापरायचे, याला आपण विद्यार्थ्यांसाठीचा उपक्रम म्हणतो. मूल्यांकनाच्या फाइलीला छायाचित्रं लागतात, अहवालाला उपस्थितीचा आकडा लागतो. प्राध्यापकांवरचं हे ओझं खरं आहे आणि त्यातल्या अनेकांना तेही नकोसं झालं आहे. पण त्याची किंमत मुलांच्या वेळेतून द्यायची नसते.

१७ सप्टेंबरला हे जास्तच टोचतं. त्या दिवशी आपण ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांत विद्यार्थी केवढे होते! १९३८ साली निजामाच्या राजवटीत उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजात मुलांनी वंदे मातरम् म्हणायचं ठरवलं. मनाई झाली तरी मागे हटले नाहीत. शेकडो जणांना काढून टाकलं गेलं. नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या अनेकांना प्रवेश दिला म्हणून त्यांचं शिक्षण पुरं झालं. काय म्हणायचं, कुठं जमायचं, किती सोसायचं, हे त्या मुलांनी स्वतः ठरवलं होतं. वसमतचं महाविद्यालय ज्यांचं स्मारक आहे ते हुतात्मा बहिर्जीही याच लढ्यातले. आणि नांदेडच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते स्वामीजी आधी शिक्षक होते, मुलांना घडवताघडवताच ते लढ्यात उतरले. त्यांच्या नावानं होणाऱ्या कार्यक्रमात आजच्या विद्यार्थ्याला बोलायला पाच मिनिटं मिळत नसतील, तर ती आदरांजली पोचते कुठं?

औंढ्याची कथा आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणी ऐकली आहे. ज्यांचं जन्मगाव आपल्या नरसीला मानलं जातं ते नामदेव महाराज नागनाथासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना तिथून हटवलं. ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी दारासमोर नाही, ही त्याची खूण म्हणून आजही दाखवतात. या कथेत देवानं नामदेवांना पुढं बोलावून घेतलं नाही, तो स्वतः फिरला. महाविद्यालयाला हे करता येतं. व्यासपीठ मागच्या रांगेकडे वळवायला पैसे लागत नाहीत. स्पर्धा आधी, सत्कार नंतर. लांबच्या गावांहून येणाऱ्यांचे नंबर सगळ्यात आधी. पाहुण्यांना उशीर झाला तर त्यांच्याविना सुरुवात. एवढं केलं तरी कितीतरी मुली थांबू शकतील.

गाडीच्या वेळापत्रकाइतकंच शेतीचंही वेळापत्रक आहे. सप्टेंबरअखेरीपासून सोयाबीनची काढणी सुरू होते आणि वर्गातली बाकं रिकामी पडू लागतात. ही मुलं दांडी मारत नाहीत. मजूर मिळत नाही, पाऊस कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून ती रानात असतात. पुढं तांड्यांवरची काही कुटुंबं ऊसतोडीला जातात. जिल्ह्याचं पंचांग हे असं आहे. तरी ऐन काढणीत निवड चाचणी ठेवायची आणि नंतर ‘ग्रामीण मुलांत उत्साह नाही’ असं म्हणायचं, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. उत्साह असतो हो! ज्या दिवशी तुम्ही तो शोधायला येता त्या दिवशी तो शेतात असतो.

राष्ट्रीय सेवा योजनेबद्दल मला विशेष आस्था आहे, म्हणून थोडं स्पष्ट बोलतो. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ला, ३७ विद्यापीठांतले सुमारे ४० हजार विद्यार्थी घेऊन ती सुरू झाली. शिकलेल्या तरुणानं गाव बघावं, गावासाठी घाम गाळावा, ही कल्पना थोर होती आणि आहे. पण आपल्याकडचा स्वयंसेवक मुळात गावातलाच आहे. जी मुलगी रोज पहाटे अंगण झाडून, पाणी भरून कॉलेजला येते, तिच्या हाती सात दिवसांच्या शिबिरात पुन्हा खराटा देऊन आपण तिला कोणता संस्कार देतो? तिच्याकडे गावाला हवं असलेलं दुसरं काही आहे: ती वाचते, लिहिते, मोबाइल सफाईनं वापरते. ई-पीक पाहणी नोंदवताना अडखळणारे किती शेतकरी आहेत. निराधार योजनेचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, सातबाऱ्यावरची चुकीची नोंद, विहिरींच्या पाणीपातळीची महिनेवार वही. योजनेच्या दोन वर्षांतल्या २४० तासांत यातलं बरंच काही होऊ शकतं. काही कार्यक्रमाधिकारी हे करतातही, गाजावाजा न करता. त्यांच्या शिबिराची छायाचित्रं फारशी देखणी येत नाहीत, इतकंच.

विद्यार्थ्यांच्या निवडणुका राज्यात १९९०च्या दशकात थांबल्या. २०१६च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेची तरतूद आली, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. पण वार्षिक वेळापत्रक ठरवणाऱ्या बैठकीत एसटीनं येणारे दोघं-चौघं बसवायला कुठला कायदा लागतो? ‘तुमची शेवटची गाडी कितीला?’ हा एक प्रश्न बैठकीत विचारला गेला, तरी निम्म्या वेळा बदलाव्या लागतील.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन येईल. औंढा तालुक्यातल्या दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांब भुजांची प्रयोगशाळा उभी राहणार आहे. केंद्रानं त्यासाठी एप्रिल २०२३मध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या अशा वेधशाळांनी पहिली लहर टिपली ती सप्टेंबर २०१५मध्ये, आणि ती निघाली होती १३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून. विज्ञान दिनाला भाषणं याच विषयावर होतील, व्हायलाच हवीत. पण फेब्रुवारीअखेर म्हणजे हळदीचा हंगाम. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिची काढणी, शिजवणी, वाळवणी तेव्हा घरोघरी चालू असते. मग यंदा एखाद्या महाविद्यालयानं ते व्याख्यान सभागृहाऐवजी औंढा तालुक्यातल्या एखाद्या गावच्या शाळेत ठेवावं, संध्याकाळी, रानातली कामं उरकल्यावर. वक्त्याला शहरातून गाडीनं आणता येतं आणि रात्री परत पोचवताही येतं. मुलं तिथं आईवडिलांना घेऊन येतील. चार किलोमीटरची ती नळी आपल्याच शिवारात कशाला हवी, हा प्रश्न विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यापेक्षा त्याचे वडील जास्त नेमका विचारतील, आणि वक्त्याला उत्तर सोप्या मराठीत द्यावं लागेल.