कॉर्ड: अवयव की अवयवी?

गिटारवरील ‘ई मेजर’ कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेला स्वरसमूह, सहा तारांवर वाजते. पण ‘ई’ला षड्ज मानल्यास तिच्यात षड्ज तीनदा, पंचम दोनदा आणि शुद्ध गंधार एकदाच येतो. तिसऱ्या तारेवरची तर्जनी उचलली की गंधार कोमल होतो आणि उरलेल्या पाच तारा जशाच्या तशा राहूनही कॉर्ड ‘मायनर’ ठरते. न्याय-वैशेषिक दार्शनिकांच्या मते अवयवी, म्हणजे भागांनी घडलेली वस्तू, भागांहून वेगळी असते (शब्दाला, म्हणजे ध्वनीला, मात्र ते आकाशाचा गुण मानतात, त्यामुळे कॉर्डला अवयवी म्हणायला ते राजी होणार नाहीत). याउलट ‘मिलिंदपञ्हा’ या बौद्ध ग्रंथातील भिक्षू नागसेनाच्या लेखी रथ हे चाके, आस इत्यादींमुळे पडलेले नुसते नाव आहे. कॉर्डपुरते नागसेनाचे म्हणणे अपुरे पडते, कारण तो कोमल गंधार सुटा वाजवला तर त्यात ‘मायनर’पण सापडत नाही, पण सगळ्या तारा एकत्र वाजल्या की ते कानाला ऐकू येते; म्हणजे ते नुसते नाव नव्हे.