हत्याराचे पाणी

मुलुखाबाहेर नोकरी करणाऱ्या माणसाला दोन व्यसने हटकून जडतात. एक, आपल्याकडच्या वस्तूंची आठवण काढण्याचे. दुसरे, परमुलुखातल्या वस्तू स्वस्तात मिळवून त्यांचे कौतुक चारचौघांना ऐकवण्याचे. ज्या नोएडा नगरीत आमचा सध्या मुक्काम आहे, ती १९७६ साली एका औद्योगिक प्राधिकरणाच्या आद्याक्षरांतून जन्मास आली. येथे बहुतेक सारेच बाहेरून आलेले. त्यामुळे पहिले व्यसन येथे सर्वांनाच आहे. दुसऱ्याने आम्हांला थोडे अडचणीत आणले, त्याची ही हकीकत.

दिल्लीतील एका दुकानात आम्हांला नेपाळी कुकरी निम्म्या किमतीत मिळाली. परवान्याची कटकट नको म्हणून नऊ इंचांहून आखूड व दोन इंचांहून अरुंद पात्याचीच आम्ही निवडली होती. दुकानदाराने सवलतीचे कारण लपवले नाही. शिंगाच्या मुठीला तडा होता आणि टोकाजवळ धारेत केसाएवढी चीर होती. मूठ घरी सांधता येईल, असा हिशेब करून आम्ही ती घेतली आणि दहा जणांना किंमत सांगून त्यांच्या तोंडावरचे आश्चर्यही उपभोगले.

ही वस्तू होते कशी, हे नंतर पाहिले. नेपाळी लोहार, ज्याला तिकडे कामी म्हणतात, तो बहुधा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यांचे पोलाद घेतो, ते तापवून ठोकून पाते घडवतो, आणि शेवटी लाल झालेल्या पात्याच्या केवळ धारेवर किटलीने पाणी सोडतो. धार कठीण होते, पाठ चिवट राहते. म्हणूनच कुकरी लाकूड तोडते, पण स्वतः सहसा तुटत नाही. हे पाणी सोडण्याचे काम क्षणांचे असते. हात किंचित चुकला तर धार मऊ राहते किंवा तिला चीर पडते. आमच्या कुकरीवरील चीर बहुधा अशाच एखाद्या क्षणाची असावी. मुठीचा तडा मात्र लोहाराचा दोष नव्हे. डोंगरातल्या दमट हवेत बसवलेले शिंग दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसते.

आपल्या भाषेत लोहार हत्याराला पाणी देतो. नेपाळातही हा शब्द आहे. पण तेथे त्याला दुसरा, कडवट अर्थ होता. १८५४ च्या 'मुलुकी ऐन' या कायद्याने कामींची गणना ज्यांच्या हातचे पाणी चालत नाही अशा अस्पृश्य जातींत केली. १९६३ च्या नव्या संहितेने ही उतरंड कायद्यातून काढली. अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा देणारा स्वतंत्र कायदा २०११ साली झाला. म्हणजे शतकाहून अधिक काळ लोखंडाला पाणी देणाऱ्या त्या हातचे पाणी कायद्यानेच वर्ज्य होते, आणि दसैंच्या सणात त्याने घडवलेले हत्यार मात्र देवघरात पूजले जात होते. मराठी वाचकांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या विहिरींवर चामड्याची मोट चालत होती, तिचे पाणी सर्वांच्या मळ्यांत फिरत होते, आणि ज्याने ते चामडे कमावले त्याला त्याच विहिरीची पायरी चढता येत नव्हती.

मूठ आम्ही घरीच सांधली. चिरेसाठी मात्र रस्त्याच्या कडेला गाडी लावून बसलेल्या एका गाडिया लोहाराकडे गेलो. चितोड १५६८ साली पडले, तेव्हा गड परत मिळेपर्यंत छपराखाली राहणार नाही अशी शपथ पूर्वजांनी घेतली, असे ही जमात सांगते. पंडित नेहरूंनी १९५५ साली त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले. तरीही कित्येकांच्या गाड्या आजही दिल्लीच्या परिसरात रस्त्यांच्या कडेलाच उभ्या आहेत. आम्ही त्याला म्हणालो, "चीर दिसणार नाही असे काहीतरी कर." तो म्हणाला, "बाबूजी, दिसणार नाही असे करता येईल. पण ती राहील, आणि एक दिवस कोणाच्या तरी हातात तुटेल." चीर संपेपर्यंत धार झिजवणे, हा एकच उपाय त्याने सांगितला. सांगितल्याप्रमाणे केलेही, पोलाद तापून धारेचे पाणी उतरू नये म्हणून दर थोड्या वेळाने पाते बादलीत बुडवत, तासभर. मजुरी २०० रुपये मागितली. आम्ही सवयीने घासाघीस करून १४० दिले. कुकरी टोकाशी थोडी अरुंद झाली, पण निर्दोष झाली.

पुढे कार्यालयातील एका सहकाऱ्याची बदली झाली. निरोपाच्या भेटीसाठी वर्गणी जमली आणि कोणीतरी सुचवले की, तुमची कुकरीच द्या; बाजारभाव घ्या. दुरुस्तीनंतर ती नव्यासारखीच दिसत होती. येथे खरा प्रश्न उभा राहिला. दोष नाहीसा झाल्यावर तो सांगण्याचे बंधन उरते काय?

आमच्या मनाने लगेच वकिली सुरू केली. चीर आता नाही. मूठ पक्की आहे. बाजारभाव वस्तूचा असतो, तिच्या चरित्राचा नव्हे. युक्तिवाद चोख होता. पण तो करताना आमचा आवाज आम्हांलाच किंचित मोठा वाटला. ज्या दुकानदाराला आम्ही केवळ व्यापारी समजत होतो, त्याने उघडपणे दोष सांगून निम्मी किंमत घेतली होती. ज्याला घर नाही, त्याने चीर लपवण्याचे नाकारले होते. आणि पेन्शनीची शाश्वती असलेले आम्ही तेवढे गप्प बसणार होतो! शेवटी आम्ही सर्व सांगितले. वर्गणीदारांनी चेष्टा केली आणि सहकाऱ्याला एक घड्याळ दिले. कुकरी घरीच राहिली.

तेव्हापासून सवलत या शब्दाकडे आम्ही जरा निरखून पाहू लागलो आहोत. सवलती तीन प्रकारच्या दिसतात. एक वस्तूच्या दोषाची. ती न्याय्य आहे, किंबहुना दोष उघड सांगून दिलेली सवलत हा एक प्रामाणिक करारच होय. दुसरी विकणाऱ्याच्या गरजेची. ती आपण घासाघीस म्हणतो आणि चातुर्यात जमा करतो. ती प्रत्येक वेळी पाप असते असे नव्हे. ज्याला नाही म्हणता येते, त्याच्याशी घासाघीस हा खेळ आहे. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी तो खेळ राहत नाही. तिसरी सवलत माणसाला हलके लेखल्याची. ती किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेली नसते. बाजार भरण्यापूर्वीच ती धरलेली असते. कुकरी हाताने घडवलेली असूनही मुळात इतकी स्वस्त का, याच्या उत्तराचा काही भाग १८५४ च्या त्या कायद्यात आहे, अशी आमची समजूत आहे.

यांतली पहिली सवलत आम्ही फेडली असे म्हणता येईल. तिसरी फेडणे एकट्याच्या आवाक्यातले नाही; तिची निदान जाणीव ठेवता येते. आमच्या वसाहतीच्या दारावरील नेपाळी पहारेकऱ्याला सारे 'बहादूर' म्हणतात. आम्हीही चार वर्षे तेच म्हणत होतो. कुकरी दाखवण्याच्या निमित्ताने प्रथमच त्याचे नाव विचारले. ते बहादूर नाही.

राहिली दुसरी, साठ रुपयांची. ते द्यावेत म्हणून काही दिवसांनी आम्ही त्या रस्त्याला गेलो. गाडी तेथे नव्हती. शेजारच्या चहावाल्याने, सारे उठून गेले, एवढेच सांगितले. यंदा खंडेनवमीला कुकरी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिले, आणि धारेकडे लक्ष गेले. तिचे पाणी उतरलेले नाही. ते साठ रुपये अजून आमच्याकडेच आहेत.