काळी, पांढरी आणि गुलाबी

चोपड्याच्या बाजारात कापूसवाल्यापुढे 'गुलाबी' हा शब्द जरा जपून काढावा. पुण्या-मुंबईच्या मराठीत थंडी गुलाबी असते, स्वप्नं गुलाबी असतात, आणि इंग्रजीत तर भाबडा माणूस जगाकडे गुलाबी चष्म्यातूनच बघतो. तापीच्या या काठावर गुलाबी म्हणजे बोंडअळी. 2017 च्या हंगामात तिने बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली, तेव्हापासून पुढचा शब्द जोडायची गरजही उरलेली नाही. तिने धरलेलं फूल नीट उमलत नाही. पाकळ्या एकमेकींना चिकटून ते गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला डोमकळी म्हणतात. वावरातलं सगळ्यात देखणं फूल तेच, आणि दिसताक्षणी खुडून नष्ट करायचं तेही तेच.

लाल रंगाचीही तीच गत. ऐन बोंडं भरायच्या वेळी पानं तांबडी पडू लागली की शेजारी विचारतो, 'आबा, कपाशी कशी?' आणि उत्तर येतं, 'काय सांगू भो, लाल्या आला.' नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं, त्यात रात्री एकदम गार झाल्या, की पान लाल होतं आणि उतारा घसरतो. हाच लाल व्हिएतनाममध्ये दैवाचा रंग आहे. ज्याचं नशीब लाल तो भाग्यवान, ज्याचं काळं तो करंटा. वू ट्राँग फुंग या लेखकाने 1936 साली एका उडाणटप्पूच्या छप्परफाड भाग्योदयावर उपहासाची कादंबरी लिहिली, तिचं नावच मुळी 'लाल नशीब'. इंग्रज व्यापाऱ्याची वही याच्या बरोबर उलट: लाल शाईत तोटा, काळ्या शाईत नफा. आणि व्हिएतनामी माणूस सगळं गमावून बसला की त्याचे हात 'पांढरे' झाले म्हणतात. इथे जिनिंगमध्ये दिवसभर रुईत राबणाऱ्याचे हातच काय, भुवयासुद्धा पांढऱ्या होतात. संध्याकाळी त्याच्या हाती काय उरतं ते पाहिलं, तर त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागणार नाही.

मला वाटतं, बोलण्यातला रंग डोळ्यांपेक्षा पोटाशी जास्त बांधलेला असतो. म्हणूनच 'लाल फीत' आणि 'पांढरा हत्ती' ही मंडळी इतकी वर्षं मराठीत राहूनही पाहुण्यासारखी अवघडून बसतात. कागदांचे गठ्ठे लाल फितीने बांधणारी कचेरी साहेबाची आणि हत्ती सयामच्या राजाचा. आपलं त्यात वर्तमानपत्राच्या मथळ्यापुरतं काम. लाल्या मात्र अग्रलेखात सहसा येत नाही, बांधावर रोज येतो.

हिरव्याच्या बाबतीत तिन्ही भाषांचं बऱ्यापैकी जमतं. इंग्रजीत नवशिका हिरवा असतो. व्हिएतनामी भाषेत हिरव्याला आणि निळ्याला शब्द एकच, फरक करायचाच झाला तर पानाचा की आभाळाचा ते सांगतात. त्याच शब्दाचा अर्थ कच्चा, कोवळा असाही होतो, आणि तरुणाचं डोकं 'हिरवं' असतं. केळीच्या या मुलखात ते कुणालाही पटेल. घड हिरवा असतानाच कापायचा, हिरवाच गाडीत भरायचा, पिवळा तो परमुलखात जाऊन होणार. मराठीने यात थोडा वात्रटपणा भरला एवढंच: वय झालं तरी देठ हिरवा असलेले म्हातारे आपल्याकडेच निघतात.

पण खानदेशाची खरी जोडी काळी-पांढरीची. जुन्या गावकारभारात काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती. ही नावं कुणी कल्पनेने दिलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या माणसं एका जागी राहिली, चुली पेटल्या, राख-शेण साचलं, मातीच्या भिंती पडल्या आणि त्यावरच पुन्हा उभ्या राहिल्या, की त्या जागेची माती राखाडी-पांढरट होते. नदीकाठच्या जुन्या गावांना अशी टेकाडं असतात. तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे 1955 साली बी. के. थापर यांनी उत्खनन केलं, तेव्हा अशाच टेकाडाच्या पोटात ताम्रपाषाण काळापर्यंतची वस्ती सापडली. तीच पांढरी माती शेतकरी खत म्हणून काळीत टाकत आले. म्हणजे माणसं राहून गेली त्याचंही पुढे पीकच झालं. पांढरी याचा अर्थ पुढे नुसती जागा न राहता गावचे लोक असाही झाला.

आणि काळी? बेसॉल्ट झिजून झालेली, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. इतकी काळी, की वाटावं सगळं सत्त्व रंगातच आहे; प्रत्यक्षात तिच्यात सेंद्रिय अंश बेताचाच असतो, खनिजं आणि चिकणमाती मिळून तिला तो रंग देतात. इंग्रजीतही तिला कापसाची काळी माती असंच नाव पडलं. आपण मात्र तिला आई म्हटलं. काळी आई. पेरणीआधी तिला नारळ फोडतो, नमस्कार करतो, तिला विकणाऱ्याला नावं ठेवतो.

वावरातून घरी आलो की तोच रंग फिरतो. तोंड काळं होतं, पैसा काळा असतो, जीभ काळी असते. बरं, पांढरा तरी चांगला म्हणावा, तर ज्या सुनेच्या येण्यानंतर घरात काही बिनसलं ती पांढऱ्या पायाची, आणि जिचा नवरा गेला तिचं कपाळ पांढरं. बाईपर्यंत आले की दोन्ही रंग सारखेच फिरतात. पुरुषाला, देवालाही, यातून सवलत आहे. विठोबा सावळा असणं हे त्याचं रूप, त्याच रंगाची पोरगी दाखवायची वेळ आली की आईबापांचा आवाज खाली येतो: 'नाकीडोळी छान आहे, फक्त रंग जरा...' मग फोटोचा उजेड वाढवला जातो, हळद-डाळीचं पीठ निघतं, पाहुणे 'कळवतो' म्हणून उठतात. पुढे मध्यस्थाकडून समजतं की पोरगी एकुलती एक आहे आणि बापाची तापीकाठची आठ एकर जमीन चांगली काळीभोर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहुण्यांचा फोन येतो.