चौथ्या आज्ञेच्या दोन बाजू

आईवडिलांचा मान राखावा, ही देवाची चौथी आज्ञा आपण सर्वांनी लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केली आहे. पुढे ती आपल्याला बहुधा मोठ्यांच्या तोंडूनच ऐकायला मिळते, तीही मुलाने उलट उत्तर दिल्यावर! परंतु या आज्ञेच्या पोटात एक अवघड प्रश्न आहे. ज्या मुलाला घरात मायेऐवजी धाक आणि टोमणेच मिळाले, त्याने मोठेपणी ही आज्ञा कशी पाळावी? त्याच्या मनावर जे ओरखडे उमटले, त्यांना जबाबदार कोण?

या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘आम्हीही बापाचा मार खाल्ला, आमचं काय वाईट झालं?’ तरुण म्हणतात, ‘मी असा झालो तो घरच्यांमुळेच.’ पहिल्या उत्तरात लेकराचे दुःख नाकारले जाते, तर दुसऱ्यात माणसाला देवाने दिलेले स्वातंत्र्य. आपली श्रद्धा आपल्याला या दोन्हींपैकी काहीच नाकारू देत नाही.

बालपणाचा परिणाम दूरवर पोहोचतो, हे आता अभ्यासानेही दाखवून दिले आहे. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. आईशी किंवा आईच्या जागी असलेल्या व्यक्तीशी प्रेमाचे आणि अखंड नाते असणे मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी अत्यावश्यक आहे, असे त्यांनी त्यात मांडले. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ साली सुरू केलेला एक अभ्यास ऐंशीहून अधिक वर्षे चालला आहे. ज्यांचे बालपण मायेच्या घरात गेले, ते पुरुष म्हातारपणीही आपल्या जोडीदाराशी अधिक निर्धास्तपणे जोडलेले आढळले. १९९८ साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, बालपणी मारहाण, अपमान, घरातील व्यसन असे अनुभव जितके जास्त, तितके पुढे नैराश्य, व्यसनाधीनता आणि हृदयविकाराचेही प्रमाण जास्त. अर्थात प्रमाण वाढते याचा अर्थ प्रत्येकाचे तसेच होते असा नव्हे.

असे का होते? लहान मूल आपली किंमत आईबापांच्या चेहऱ्यावर वाचते. पहाटेची लोकल गाठून रात्री घरी परतलेला बाप खेकसला, तर ‘बाबा दमलेत’ असा विचार चार वर्षांच्या मुलाला करता येत नाही. ‘मीच वाईट आहे,’ एवढेच त्याला कळते. हे एखाद्या दिवशी घडले आणि नंतर त्याला जवळ घेतले, तर ते विसरते. रोज घडले तर तेच त्याचे मत बनते. मग चाळिशीतही साहेबाच्या एका शब्दाने तो कोसळतो, पत्नी जरा गप्प बसली तरी त्याला धास्ती वाटते. इतकेच काय, देवाला ‘पिता’ म्हणतानाही त्याची जीभ अडखळते, कारण त्या शब्दाबरोबर त्याला पट्टाच आठवतो.

मग अशा माणसाची सुटका नाही का? या ठिकाणी एका संत दांपत्याचे स्मरण करू या. बाळ येशूच्या संत तेरेजाचे आईवडील, लुई आणि झेली मार्टिन, यांना पोप फ्रान्सिस यांनी १८ ऑक्टोबर २०१५ रोजी एकत्र संतपद बहाल केले. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. भावाला लिहिलेल्या एका पत्रात ती सांगते की, आपले बालपण अतिशय उदास गेले, आई आपल्याशी फार कठोरपणे वागत असे. असे बालपण भोगलेल्या झेलीने लेस विणण्याचा व्यवसाय सांभाळला, नऊ मुलांना जन्म दिला, त्यातील चार लहानपणीच देवाघरी गेलेली पाहिली आणि तरीही हसते-खेळते, प्रेमळ घर उभे केले. जे मिळाले नाही, ते तिने दिले. बालपणाची जखम खरी असते, पण ती विधिलिखित नसते.

मात्र मार्टिन कुटुंबाला आपण तसबिरीतले कुटुंब समजू नये. त्यांची तिसरी मुलगी लेओनी हट्टी आणि अवघड होती. घरातली मोलकरीण तिला दहशतीत ठेवत होती आणि ही गोष्ट त्याच घरात राहणाऱ्या आईला १८७७ सालापर्यंत समजली नाही. समजल्यावर, कर्करोगाने खंगत असतानाही झेलीने लेओनीला जवळ घेतले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झेली वारली. आईविना राहिलेली तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती. ती पुढे अनेक वर्षे जराशा कारणाने रडू लागे. लेओनी मठात जाण्याच्या तीन फसलेल्या प्रयत्नांनंतर १८९९ साली चौथ्यांदा दाखल झाली आणि अखेरपर्यंत धर्मभगिनी म्हणून जगली. संतांच्याही नजरेतून लेकराचे दुःख सुटू शकते, आणि उशिरा दिलेली मायाही वाया जात नाही. आपल्यासारख्या आईबापांना यापेक्षा मोठा दिलासा कोणता?

आता चौथ्या आज्ञेकडे वळू या. इफिसकरांस पत्रात संत पौल मुलांना ही आज्ञा सांगतो आणि लगेच बापांकडे वळून त्यांना बजावतो की, मुलांना चीड येईल असे वागू नका. कलस्सैकरांस पत्रात तो कारणही देतो: मुले खचून जातील. म्हणजे या आज्ञेला दोन बाजू आहेत. मान मागणाऱ्याने मुलाचाही मान राखला पाहिजे.

आणि दुखावलेल्या मुलाचे काय? मान राखणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. मार, व्यसन किंवा अत्याचार झाला असेल, तर ‘घरची अब्रू’ म्हणून तो झाकणे ही आज्ञा नाही. विश्वासू व्यक्तीशी, धर्मगुरूंशी किंवा समुपदेशकाशी बोलणे हे पाप नव्हे. मूल आजही धोक्यात असेल, तर त्याचे रक्षण हेच पहिले कर्तव्य. क्षमा म्हणजे काही घडलेच नाही असा बहाणाही नव्हे. घडले ते खरे होते, तरी मी त्याची परतफेड करणार नाही, माझ्या मुलांवर तर मुळीच करणार नाही, असा निश्चय म्हणजे क्षमा. तो एका दिवसात पुरा होत नाही.

बेनसिराच्या ग्रंथात वृद्ध पित्याविषयी एक हृदयस्पर्शी सूचना आहे: त्याची बुद्धी मंदावली तरी त्याला समजून घ्यावे. मार्टिन घराण्यात हे अक्षरशः घडले. लुईच्या मनाचा तोल ढळला आणि १८८९ पासून तीन वर्षे त्याला कान येथील मनोरुग्णालयात राहावे लागले. घरी आणल्यावर १८९४ साली त्याचा मृत्यू होईपर्यंत मुलींनी त्याची सेवा केली. ज्याने बालपणी खांद्यावर घेतले, त्याला हात द्यायला कोणाला आज्ञेची आठवण करून द्यावी लागली नाही.

या आठवड्यात आपण काय करू शकतो? ‘कृपया’, ‘आभारी आहे’ आणि ‘माफ कर’ या तीन शब्दांवर घर टिकते, असे पोप फ्रान्सिस वारंवार सांगत. पालकांनी तिसरा शब्द मुलाला एकदा म्हणून पाहावा. आपली चूक कबूल करणाऱ्या बापाचा मान कमी होत नाही, उलट मुलाला देवाची क्षमा कशी असते ते कळते. रात्रीच्या रोझरीनंतर दहा मिनिटे मोबाईल बाजूला ठेवून मुलाचे ऐकावे, आणि उपदेश त्या दहा मिनिटांत नको. मोठ्या मुलांनी दूर राहणाऱ्या आईवडिलांना फोन करावा. ज्यांना तो फोन करणे जड जाते, त्यांनी आजपुरती त्यांच्यासाठी एक प्रार्थना करावी. तेवढीही सुरुवात देवाला पुरेशी आहे.

प्रभू येशूने नाझरेथच्या घरात मरिया आणि योसेफ यांच्या सावलीत तीस वर्षे काढली. त्याने अजून एकही चमत्कार केला नव्हता, तेव्हाच यार्देन नदीवर पित्याने त्याला आपला प्रिय पुत्र म्हटले. आपल्या घरातील प्रत्येक लेकराला, मग ते पाच वर्षांचे असो वा पन्नास, गुण आणि पगार न पाहता तेच ऐकण्याची भूक आहे. पवित्र कुटुंब आपल्या सर्व कुटुंबांसाठी विनंती करो.