बुलबुलाची मिरची

गच्चीवरच्या कुंडीतली पहिली भूत जोलोकिया पिकली आणि बुलबुलानं पळवली. ऐन उन्हाळ्यात फुलं गळत होती, पावसाळा सरताना कुठं चार मिरच्या धरल्या, त्यातली ही एक. कठड्यावर बसून त्यानं ती निवांत खाल्ली. मी पाण्याचं भांडं घेऊन उगाचच धावले.

पक्ष्यांना तिखट लागतच नाही. आपल्या तोंडात उष्णतेची जाणीव देणारा एक ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतो. डेव्हिड ज्युलियस यांच्या गटानं तो १९९७ मध्ये शोधला, २०२१ च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा वाटा आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन नेमकं त्यालाच फितवतं आणि मेंदूला वर्दी जाते, जीभ भाजली. आरशात पाहावं तर एक फोड नाही. पक्ष्यांचा ग्राहक या फितुरीला बधत नाही. ते बिया अख्ख्या गिळून लांब टाकतात. दातांनी बिया चिरडणाऱ्यांना मात्र झाडानं स्वच्छ ‘नको’ म्हटलंय. आणि आपण तोच नकार भाकरीसोबत खातो! बहुधा मजा तीच असावी: अंगाला आग लागल्याचं पटलेलं, मनाला घर शाबूत असल्याचं ठाऊक.

२००७ मध्ये गिनेसनं भूत जोलोकियाला जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं, तिखटपणाच्या मोजपट्टीवर दहा लाख स्कोव्हिलच्या वर. तेव्हापासून चढाओढ सुरू आहे, कुणाची मिरची जास्त जाळते याची. मला ती कंटाळवाणी वाटते. या मिरचीला पिकल्या फळासारखा एक वास आहे, आपल्या लवंगीला नसलेला. तो कुठल्या आकड्यात धरायचा?

तिखटपणा बियांत नसतो, बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरेत असतो. ती सुरीनं काढताना बोटांना तेलकट चकाकी आली. साबणानं दोनदा हात धुतले, तासाभरानं डोळा चोळला आणि बेसिनपाशीच बसले. “आधी गोडं तेल चोळायचं, मग साबण,” आई आतून म्हणाली. नंतर सांगून काय उपयोग?

ठेच्यात पाव मिरचीच घातली. बाकी लसूण, भाजलेले दाणे, मीठ. मी दोन घासांत दह्याकडे वळले. आईनं भाकरी संपवली, बोट चाटलं.

“वास छान आहे गं. अर्धी चालली असती.”